जुनी भिंत आणि अभियंत्याची सही

जुनी इमारत तपासावयास आलेल्या अभियंत्याला शेवटी एका कागदावर सही करावी लागते. इमारत राहण्यास योग्य आहे, दुरुस्तीनंतर योग्य होईल, किंवा ती धोकादायक असल्याने रिकामी करावी, यांपैकी एखादे वाक्य त्या सहीच्या वर असते. वाक्य दोन ओळींचे असते. परंतु त्यावर कित्येक बिऱ्हाडांचे भवितव्य अवलंबून असते. त्या वाक्यामागची नैतिक अडचण काय आहे आणि ती वाहून नेणारी माणसे कोठून यावीत, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. वरवर पाहता हे दोन प्रश्न निराळे वाटतात. विचार केला असता त्यांचे मूळ एकच असल्याचे ध्यानात येते.

अशा वेळी अभियंत्याकडून दोन प्रकारच्या चुका संभवतात. पडणारी इमारत त्याने सुरक्षित ठरविली तर माणसे दगावतात. उभी राहू शकणारी इमारत त्याने धोकादायक ठरविली तर माणसे बेघर होतात. यांपैकी पहिल्या चुकीची चौकशी होते. वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात, आयोग बसतो, सही कोणाची होती हे शोधले जाते. दुसऱ्या चुकीची चौकशी कधीच होत नाही. रिकामी केलेली इमारत पाडली जाते आणि ती खरोखरच पडणार होती की नव्हती, याचा पुरावाही तिच्याबरोबर नाहीसा होतो. मुंबईत १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या कक्षेत सुमारे १९,६०० उपकरप्राप्त इमारती आल्या. त्यांपैकी कित्येक इमारतींतील कुटुंबे संक्रमण शिबिरात तात्पुरती म्हणून गेली आणि अनेकांची पुढची पिढी तेथेच वाढली. त्यांतील किती इमारती वाचविता आल्या असत्या, हा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नाही.

'शंका आली की धोकादायक लिहावे' हा नियम म्हणूनच फार सावधगिरीचा वाटतो. पण ही सावधगिरी कोणाच्या रक्षणासाठी आहे, हे विचारले पाहिजे. ती पुष्कळदा राहणाऱ्यांपेक्षा सही करणाऱ्याचेच रक्षण करते. याउलट मालकाच्या किंवा भाडेकरूंच्या आग्रहास्तव 'अजून दहा वर्षे काही होत नाही' असे लिहून देणाऱ्याची दयाही खोटी आहे. एक जण भीतीपोटी सत्य टाळतो, दुसरा भिडेपोटी. दोघांनीही एक गोष्ट केलेली नसते: भिंतीकडे पुरेसा वेळ पाहिलेले नसते.

भिंतीकडे पाहणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी दगड-विटांच्या बांधकामाचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागेल. आजच्या काँक्रीटच्या इमारतीत पोलादी सळया असतात. त्या ताण सोसतात. दगडाला दाब कितीही चालतो, ओढ चालत नाही. चुन्याचा किंवा मातीचा दर्जा दगडांना एकमेकांवर नीट बसवितो. तो त्यांना बांधून ठेवीत नाही. जाडजूड भिंत उभी असते ती मुख्यतः स्वतःच्या वजनामुळे. वरचा दगड खालच्यावर भार टाकतो, खालचा तो स्वीकारून पुढे पाठवितो आणि अखेरीस तो भार जमिनीत जातो. ही भाराची वाट जोवर भिंतीच्या जाडीच्या आत राहते, तोवर भिंत उभी राहते. ती वाट बाहेर गेली की दगड कितीही मजबूत असला तरी भिंत टिकत नाही. कमानीचेही असेच. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ साली अक्षरांची अदलाबदल केलेल्या एका कोड्यात ही गोष्ट लपवून ठेवली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर ती उलगडली गेली. दोन टोकांना धरलेली साखळी जो आकार घेते, तोच आकार उलटा केला की कमान उभी राहते.

या जुन्या विचाराला केंब्रिजच्या जॅक हेमन या प्राध्यापकांनी १९६६ साली आधुनिक शास्त्राची बैठक दिली. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा: बांधकामाच्या आतून भार नेणारी एक जरी समतोल वाट अभियंत्याला दाखविता आली, तर ती वास्तू स्वतःची वाट शोधून घेऊ शकेल. प्रत्यक्षात भार नेमक्या कोणत्या वाटेने जात आहे, हे आपल्याला कधीच पूर्णपणे कळत नाही. पायाचा एक कोपरा अर्ध्या बोटाने खचला तरी ती वाट बदलते. पण सर्व काही कळले नाही तरी पुरेसे कळू शकते. ज्ञान अपुरे असतानाही प्रामाणिक निर्णय शक्य आहे, हे गणिताच्या भाषेत मांडलेले हे एक मोठे आश्वासन आहे.

यातून निघणारा व्यवहारातील निष्कर्ष असा की, भेग म्हणजे मृत्यू नव्हे. दगडी वास्तू भेगा पाडून घेऊनच बदलत्या जमिनीशी जुळवून घेते. शतकानुशतके भेगा वागवीत उभी असलेली चर्चे युरोपात जागोजागी आहेत. प्रश्न असतो तो भेग जिवंत आहे की मेलेली, हा. त्यासाठी भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून ठेवतात. भिंत हलली तर काच तडकते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा लागतो. पाया उघडून पाहावा लागतो, मोरीजवळच्या भिंतीत शिरलेल्या तुळईचे टोक कुजले आहे का हे टोचून पाहावे लागते, ओळंबा लावावा लागतो, म्हाताऱ्या रहिवाशाला ही भेग केव्हापासूनची असे विचारावे लागते. यात विद्वत्तेपेक्षा चिकाटी अधिक लागते. आणि वेळ लागतो, ज्याचे पैसे सहसा कोणी देत नाही.

अभियंत्याच्या या अडचणीचे एक मोठे उदाहरण रोमच्या संत पेत्र महामंदिराच्या इतिहासात आहे. मायकेलएंजेलोने कल्पिलेला तो घुमट त्याच्या मृत्यूनंतर जाकोमो देल्ला पोर्ता याने १५८८ ते १५९० या काळात, अवघ्या बावीस महिन्यांत उभारला. आतील व्यास सुमारे ४२ मीटर. पुढे त्यात तळाकडून वर जाणाऱ्या भेगा दिसू लागल्या आणि अठराव्या शतकाच्या मध्याला त्यांनी साऱ्या रोमला धास्ती घातली. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४२ साली तीन गणितज्ञांचे मत मागविले. थॉमस ल सर आणि फ्रान्स्वा जाकिए हे मिनिम संघाचे धर्मबंधू. न्यूटनच्या महाग्रंथावर विस्तृत टीपा लिहिणारे म्हणून ते प्रसिद्ध होते. तिसरे येशूसंघीय रॉजर बोश्कोविच. एखाद्या प्रचंड वास्तूची सुरक्षितता रूढ अनुभवाऐवजी गणिताने तपासण्याचा हा इतिहासातील अगदी प्रारंभीचा प्रयत्न होय. घुमट तळाशी बाहेर ढकलला जात आहे आणि त्याला आवळून धरणारी जुनी लोखंडी कडी अपुरी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यावर टीकेचा गदारोळ उठला. मायकेलएंजेलोने गणिताविना घुमट कल्पिला, मग दुरुस्तीलाच गणित कशाला, असेही काहींनी सुनावले.

१७४३ साली पादुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी यांना पाचारण करण्यात आले. पोलेनींनी घुमटाची संत्र्याच्या फोडीसारखी एक फाक कल्पिली, तिच्या प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात साखळीला भार लावले आणि ती लोंबू दिली. तो आकार उलटा करून घुमटाच्या छेदाच्या चित्रावर ठेवला, तेव्हा साखळी घुमटाच्या जाडीच्या आत बसली. म्हणजे भेगांनी फाकी सुट्या झाल्या तरी प्रत्येक फाक समोरच्या फाकेला टेकून उभी राहू शकत होती. घुमट मरणपंथाला लागलेला नव्हता. तरीही पोलेनी तेथे थांबले नाहीत. घाईचे बांधकाम, पायाचे खचणे, विजा, भूकंप अशी भेगांची अनेक कारणे त्यांनी नोंदविली आणि नवी लोखंडी कडी बसवावीत अशीच शिफारस केली. वान्वितेल्ली या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली पाच कडी बसविण्यात आली. पुढे जुन्यांपैकी एक कडे तुटलेले आढळल्यावर आणखी एकाची भर पडली. तो घुमट आज उभा आहे.

दोन्ही पक्षांचा उपाय एकच होता हे खरे. मग पोलेनींच्या परिश्रमाने काय साधले? भीती आणि निष्काळजीपणा या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा आहे, हे त्यांनी दाखविले. 'धोका नाही' आणि 'तरीही हे करा' ही दोन विधाने एकाच माणसाने एकाच अहवालात करण्यास फार मोठा संयम लागतो. भ्यालेला माणूस पहिले विधान करू शकत नाही. बेफिकीर माणूस दुसरे करीत नाही. तीन गणितज्ञांनाही कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी आपली आकडेमोड छापून सर्वांपुढे ठेवली, म्हणून तर तिच्यावर वाद करता आला. आपले कारण उघड करणारी सही आणि कारण न देणारी सही यांत मोठे अंतर आहे.

कारण झाकले गेले की काय होते, याचे चित्र यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात आले आहे. लोक कच्ची भिंत उभारतात आणि खोटे संदेष्टे तिला चुन्याचा हात फिरवितात. मग पाऊस येतो, गारा येतात आणि भिंत चुन्यासकट जमीनदोस्त होते. सिसिलीतील नोतो शहराच्या कॅथेड्रलची हकीगत याहून फारशी निराळी नाही. १९९० साली तेथे भूकंप झाला. १९९६ सालच्या १३ मार्चला, काही पूर्वसूचना न देता, चर्चचा घुमट आणि छताचा मोठा भाग कोसळला. तपासात असे दिसले की, भार पेलणाऱ्या खांबांच्या पोटात नीट घडविलेल्या दगडांऐवजी नदीतील गोटे भरलेले होते आणि खांब फुटत चालल्याच्या खुणा गिलाव्याखाली झाकल्या गेल्या होत्या. त्यात १९५०च्या दशकात लाकडी छप्पर काढून काँक्रीटचे जड छत घातलेले होते. बळकटी म्हणून केलेले काम ओझे ठरले. उत्तर इटलीतील पाव्हिया शहराचा अकराव्या शतकात सुरू झालेला बुरूज १७ मार्च १९८९ रोजी असाच अचानक कोसळला आणि चार माणसे ठार झाली. तेथे भूकंप नव्हता की वादळ नव्हते. सततच्या भाराखाली भिंतीचे पोट शतकानुशतके हळूहळू झिजत आले होते. 'इतकी वर्षे उभी आहे, अर्थी पुढेही राहील' असे म्हणणाऱ्यांनी पाव्हिया विसरू नये.

मात्र गिलावा म्हणजे नेहमीच फसवणूक, असेही नाही. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बासिलिकेच्या बाहेरील चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकण्यात आला. उघडा जांभा दगड अधिक पुरातन दिसेल, ही त्यामागची कल्पना. परंतु जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणच्या पावसात तो पाणी पितो आणि झिजतो. सोळाव्या-सतराव्या शतकातील बांधकाम करणाऱ्यांनी त्याला चुन्याचे अंगरखे घातले होते ते शोभेसाठी नव्हे. आज लाल दगडाचे ते दर्शन लाखो भाविकांच्या ओळखीचे झाले आहे आणि दगडाची झीज हा तज्ज्ञांच्या चिंतेचा विषय आहे. जवळच संत ऑगस्टीन चर्चचा भग्न मनोरा आहे. धर्मसंघांवर बंदी आल्यावर ते चर्च ओस पडले, १८४२ साली त्याचे छत कोसळले आणि १९३१ साली दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. छताची देखरेख थांबल्यावर भिंतीला किती वर्षे लागतात, याचा तो दगडात लिहिलेला हिशेब आहे. नोतोत गिलाव्याने सत्य झाकले, गोव्यात गिलावा काढल्याने दगड उघडा पडला. म्हणूनच या शास्त्रात एका ठिकाणचा उपाय दुसरीकडे आंधळेपणाने नेता येत नाही. प्रत्येक वास्तू एखाद्या रुग्णासारखी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

येथवर आपण घुमट, कॅथेड्रल आणि बासिलिका यांविषयी बोललो. त्यांच्याकडे जगाचे लक्ष असते. पोप पत्र लिहितात, प्राध्यापक येतात. परंतु दगड-मातीची बहुसंख्य बांधकामे म्हणजे गरिबांची घरे आहेत आणि या प्रश्नाचा खरा गाभा तेथे आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसराला भूकंपाचा धक्का बसला. आदल्या दिवशीच गणेश विसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने हा धक्का मध्यम होता. तरीही आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. माणसांना मारले ते मुख्यतः त्यांच्या घरांनी. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, बाहेरून एक दगडी पाख, आतून दुसरी, मध्ये गोटे आणि चिखल. दोन्ही पाखांना जोडणारे आरपार दगड घातलेलेच नव्हते, किंवा फार थोडे होते. डोक्यावर मातीचे जड माळवद. जमीन हलताच दोन्ही पाखा एकमेकींपासून सुटल्या आणि ढासळल्या. काही घरांत भिंती पडूनही लाकडी खांबांवरचे छत तेवढे उभे राहिले. यानंतर मराठवाड्यात दगडाचीच दहशत बसली. लोक काँक्रीटच्या घराशिवाय दुसरे नको म्हणू लागले. दगडाचा यात दोष नव्हता. दगडाला दगडाशी न जोडण्याचा होता.

या घरांना काय लागले असते? भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांची नीट गुंफण, दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना वेढणारा एक सलग पट्टा. हे ज्ञान १९९३ साली अज्ञात नव्हते. रुडकी विद्यापीठात डॉ. आनंद स्वरूप आर्य आणि त्यांचे सहकारी साध्या दगड-विटांच्या घरांना थोड्या खर्चात भूकंपापासून कसे वाचवावे, याचा अभ्यास कित्येक वर्षे करीत होते. त्या विषयाची भारतीय मानके होती. कमजोर बांधकामासाठीचे स्वतंत्र मानकही १९९३ सालचेच आहे. परंतु तेव्हाच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळे नियमाने कोणालाच काही करणे भाग नव्हते. आरपार दगड घालण्याची रीत तर भूकंपशास्त्राहून कितीतरी जुनी. चांगल्या गवंड्याला ती ठाऊक असे. ती विस्मरणात गेली आणि तिची आठवण करून देण्यास कोणी आले नाही.

किल्लारीच्या बाबतीत कोणत्याही अभियंत्याने चुकीची सही केली नव्हती. त्या घरांवर कोणाचीच सही नव्हती. म्हणूनच मला तो प्रसंग नीतिशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत कठीण वाटतो. कायदा मोडला गेला नाही, लाच घेतली गेली नाही, निष्काळजीपणाचा खटला भरता आला नाही. तरीही ज्ञान एका जागी होते आणि गरज दुसऱ्या जागी, आणि त्या दोहोंमधील अंतर चालून जाणारी माणसे पुरेशी नव्हती. मिस्साच्या प्रारंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. जखमी वाटसरूला पाहून पलीकडून निघून गेलेल्या याजकाने आणि लेव्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. न केलेल्या कामाची चौकशी या जगात होत नाही. म्हणून तिची दखल विवेकबुद्धीलाच घ्यावी लागते.

येथे आपण दुसऱ्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो. बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत एकच चर्चा असते: मुलाला किंवा मुलीला कोणत्या शाखेत घालावे. एके काळी स्थापत्यशाखेला मान होता. मग संगणकाचे युग आले आणि हुशार विद्यार्थी तिकडे वळले. जे स्थापत्याकडे येतात, त्यांचेही डोळे उत्तुंग मनोरे, पूल आणि परदेशातील नोकरी यांवर असतात. महाविद्यालयांत काँक्रीट आणि पोलाद यांना मोठा वाव मिळतो. दगड-विटांचे बांधकाम बहुतेक ठिकाणी थोड्या तासांत आटोपते. ज्या प्रकारच्या घरांत देशातील एवढी माणसे राहतात, त्याविषयी भावी अभियंत्याला सर्वांत कमी शिकविले जाते.

यात तरुणांना दोष देणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे होईल. शिक्षणासाठी कर्ज काढलेले असते, घरी धाकटी भावंडे असतात. संगणकाचे काम करणारा माणूस कमी प्रतीचा नव्हे. त्याच्या कामानेही इस्पितळे आणि आगगाड्या चालतात. शिवाय जुन्या वास्तूंच्या कामात अर्थप्राप्तीची रचनाच उलटी आहे. नव्या इमारतीच्या आराखड्याचे शुल्क पुष्कळदा बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीत ठरते. जुनी इमारत सहा महिने तपासून जो म्हणतो, 'पाडू नका. छपराची गळती थांबवा, कुजलेली चार तुळयांची टोके बदला, हा कोपरा टाय-रॉडने बांधून घ्या', तो दुसऱ्यांचे पैसे वाचवितो आणि स्वतःचे शुल्क कमी करून घेतो. प्रामाणिकपणाला दंड बसविणारी ही व्यवस्था आहे. केवळ उपदेशाने ती बदलणार नाही. काम देणाऱ्यांनी ती बदलली पाहिजे.

आणि काम देणारे म्हणजे तरी कोण? पुष्कळदा आपणच. वसईपासून गोव्यापर्यंत जाड भिंतींची जुनी घरे आहेत, शाळा आहेत, चर्चे आहेत. जुने चर्च लहान पडू लागले, भिंतीला भेग दिसली की ते पाडून नवे, मोठे बांधण्याचा ठराव पुढे येतो. कधी तो योग्यही असतो. लोकसंख्या वाढली आहे, आणि देवाची प्रजा दगडांपेक्षा मोठी आहे. पण ती भेग कशाची आहे हे आपण कोणाला विचारतो? बहुधा नवे चर्च जो बांधणार, त्यालाच. त्याचे उत्तर काय येणार, हे विचारण्यापूर्वीच ठरलेले असते. ज्याचा नव्या बांधकामात कोणताही लाभ नाही, अशा जाणकाराला पुरेसा मोबदला देऊन, पुरेसा अवधी देऊन तपासणी करून घेणे, ही धर्मग्रामाची नैतिक जबाबदारी आहे. पोप बेनेडिक्ट यांनी तेवढेच केले होते: उत्तर ठरविण्यापूर्वी प्रश्न विचारला आणि एकाचे मत पुरेसे मानले नाही.

तरीही व्यवस्था बदलेपर्यंत कोणीतरी हे काम पत्करावे लागते. आपल्याकडे पाचारण हा शब्द आपण सेमिनरी आणि मठ यांसाठी राखून ठेवला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात प्रापंचिकांचे पाचारण ऐहिक व्यवहारांतच आहे, असे शिकविले. त्याचा अर्थ प्रत्येकाने कमी पगाराची नोकरी शोधावी असा नाही. अर्थ एवढाच की व्यवसाय निवडताना 'मला काय मिळेल' आणि 'मला काय आवडेल' या दोन प्रश्नांच्या जोडीला तिसराही विचारला जावा: 'मी हे केले नाही, तर कोणाचे काय राहून जाईल?' नवा मनोरा बांधण्यासाठी दहा माणसे रांगेत उभी असतील, तर अकराव्यावाचून त्याचे अडत नाही. परंतु एखाद्या तालुक्यात जुन्या भिंतीची भेग वाचता येणारे एकही माणूस नसेल, तर तेथे पहिल्या माणसाचे मोल फार मोठे आहे. ज्याला हे ज्ञान आहे तो रविवारचे चार तास जरी एखाद्या चाळीला किंवा वाडीवरच्या शाळेला देऊ शकला, गवंड्यांना आरपार दगडाची रीत पुन्हा शिकवू शकला, तरी ते थोडे नव्हे.

या कामाला जोखीम नाही असे कोणी समजू नये. २६ सप्टेंबर १९९७च्या पहाटे इटलीत असिसीला भूकंपाचा धक्का बसला. दुपारपूर्वी संत फ्रान्सिसच्या बासिलिकेत काही जण नुकसानीची पाहणी करीत असतानाच दुसरा धक्का आला आणि वरच्या चर्चच्या छताचा भाग त्यांच्यावर कोसळला. दोन फ्रान्सिस्कन संघातले आणि दोन पाहणीसाठी आलेले, असे चौघे त्यात गेले. पुढे तज्ज्ञांना आढळले की त्या कमानदार छताच्या पाठीवर अनेक पिढ्यांच्या दुरुस्त्यांचा राडारोडा, फुटक्या कौलांचे तुकडे साठत आले होते. छप्पर दुरुस्त करणाऱ्या कोणाला तरी तो खाली उतरवून नेण्याचा कंटाळा आला असेल. त्याच्यानंतरच्यालाही आला असेल. त्यांतील एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. शतकांपूर्वीच्या त्या लहानशा आळसाचा भार अशा चौघांवर पडला, ज्यांनी त्या दिवशी आपले कर्तव्य टाळले नव्हते.

शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभू येशूने विचारला आणि नाही असे स्वतःच सांगितले. इमारत मेलेल्यांचे पाप दाखवीत नाही. परंतु जिवंतांना पश्चात्तापाची हाक त्याच प्रसंगातून दिली गेली, हेही विसरता येत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात अशा पश्चात्तापाचे एक अतिशय साधे, गवंडीकामाचे रूप सापडते: नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, म्हणजे कोणी खाली पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. कोण पडणार आहे, हे त्या नियमात सांगितलेले नाही. तो पाहुणा असेल, शेजाऱ्याचे मूल असेल, पन्नास वर्षांनी तेथे राहावयास येणारा अनोळखी माणूस असेल. कठडा घालणाऱ्याला तो कधी भेटणारही नाही.

अभियंत्याची सही अशाच अनोळखी माणसांसाठी असते. तपासलेली, जपलेली भिंत पडली नाही, तर कोणाचे आभार मानावेत हे तिच्या आडोशाला झोपणाऱ्याला कळत नाही. आणि न तपासलेली भिंत पडली, तर तिकडे न गेलेल्या माणसाचे नाव कोणी घेत नाही. हा हिशेब लोकांच्या वहीत मांडला जात नसल्यामुळे तो ज्याने त्याने स्वतःपाशी मांडावा. आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या स्थापत्यशाखेकडे वळली आणि नव्या मनोऱ्याऐवजी जुन्या भिंतींचे काम निवडते असे म्हणाली, तर 'त्यात काय मिळणार?' असे विचारण्यापूर्वी त्या भिंतींच्या आत कोण राहते, हे आपण तिला एकदा विचारावे.